राणीसाहेबांचे बाळंतपण आणि रेहानची कुंडी

॥ श्री ॥
जिझान (सौदी अरेबिया), मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १९२९

ज्याच्या कृपेने कोऱ्या आकाशाला सायंकाळी रंग फुटतात आणि रात्र होताच निमूट पुसले जातात, त्या परमेश्वराला प्रथम वंदन. त्यानंतर भाऊसाहेब, आपणांस व्याही या नात्याने एक नमस्कार, आणि मुलाकडचे म्हणून मानाचा आणखी एक (वयाने मी थोडा वडील आहे, पण तो विषय लग्नाच्या याद्या करतानाच संपला). आपला गुडघा चिपळूणच्या थंडीत कसा आहे? सौ. वहिनींची प्रकृती उत्तम असावी. इकडे आपले चिरंजीव गिरीशराव आणि माझी आसावरी दोघेही खुशाल. आपण 'त्या वाळवंटात मी पाऊल टाकणार नाही' असे जे म्हणाला होतात, त्याचा मी पूर्ण आदर करतो, आणि या पत्रातून आग्रह करण्याचा माझा तिळमात्र हेतू नाही.

विषय सरड्यांचा आहे. आपण बसून वाचावे.

गिरीशराव रुग्णालयातील संगणक सांभाळतात हे आपण जाणता. घरी ते दोन सरडे सांभाळतात हे त्यांनी आपणांस कळवले नसावे. आपल्याकडे घोयरा म्हणतात त्या जातीचे, पण हिरवेगार आणि डोक्यावर उभा तुरा असलेले. येथील डोंगरांत ते रानोमाळ असतात. परंतु रानातला जीव धरून आणणे गिरीशरावांना मान्य नाही. आसावरीच्या हाताखालच्या सफूरा नावाच्या परिचारिकेने घरीच अंडी उबवून वाढवलेली ही जोडी त्यांनी मागून घेतली. (मी 'जोडी' म्हणालो, आणि सर्व अनर्थ याच एका शब्दातून झाला.) दान करताना गफलत होऊन एकच गाय दोघांना दिली गेली, आणि त्या पापाने एक पुण्यवान राजा सरडा होऊन कोरड्या विहिरीत पडला, ही पुराणातली कथा आपण जाणताच. तेव्हा नराला मी पहिल्या दिवसापासून राजेसाहेब म्हणू लागलो आणि मादीला राणीसाहेब. न जाणो, कोण कुठला असेल.

यांचा दिनक्रम एखाद्या अग्निहोत्र्याला लाजवील असा. सकाळी दिवा लागतो, सूर्यासारखा. संध्याकाळी तो मालवतो. वाटीतले पाणी यांना पाणी वाटतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब तेवढा जिभेने टिपतात. आहारात जिवंत रातकिडे, त्यांवर पिठीसाखरेसारखी कॅल्शियमची भुकटी भुरभुरून. माझ्यासारख्या शाकाहाऱ्याने हे कसे करावे? मी डोळे मिटून डबी उघडतो आणि 'कर्ता मी नव्हे' असे तीनदा म्हणतो. परवा डोळे जरा जास्त वेळ मिटले गेले, आणि आता देवघरामागे एक रातकिडा कीर्तन करतो.

गेल्या महिन्यात गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीला मुले आभा शहराकडच्या डोंगरावर गेली आणि घर माझ्यावर सोपवून गेली. मी पाहिले, तर राजेसाहेब एका पिंजऱ्यात, राणीसाहेब दुसऱ्यात, आणि मध्ये चक्क पुठ्ठा! सहधर्मचारिणीला असे पुठ्ठ्याआड ठेवणे मला कोणत्याच शास्त्रात सापडेना. मी पंचांग पाहिले (मुहूर्त चांगला होता), स्नान केले आणि राणीसाहेबांना हलक्या हाताने राजेसाहेबांच्या फांदीवर ठेवले. राजेसाहेबांनी शेपटीची गुंडाळी केली, मान डोलावली आणि असे रंग काढले की मी भारावून दोन मंगलाष्टके म्हटली. पुढचे मी पाहिले नाही, पाहू नये. परंतु संध्याकाळी राणीसाहेब काळ्याठिक्कर, अंगावर पिवळे-निळे ठिपके, आणि नवऱ्याकडे पाहून फूत्कारत होत्या. मला वाटले, नवीन संसार आहे, बसेल घडी. मी त्यांना तसेच ठेवले आणि दाराशी बसून गृहस्थाश्रमाचे महत्त्व मोठ्याने सांगितले.

शुक्रवारी गिरीशराव आले आणि बूटही न काढता पिंजऱ्यात हात घातला.

"बाबा, अहो ही एकटी राहणारी जात! भेट झाली की त्याच घटकेला वेगळं करायचं असतं. आणि पिल्लांना घरं ठरल्याशिवाय भेटच घडवायची नसते."

"मग पुठ्ठ्यावर तसे लिहून ठेवायचे होतेत," मी म्हणालो.

आपले चिरंजीव वडीलधाऱ्यांना उलट बोलत नाहीत. ते नुसते लाल झाले. (राजेसाहेबांना हा रंग अजून जमलेला नाही.)

पुढे राणीसाहेबांचे दिवस भरले. अंडी खणून पुरता यावीत म्हणून गिरीशरावांनी खोल डब्यात ओली वाळू भरून आत ठेवली, पण त्या तिकडे ढुंकून पाहीनात. अन्न सोडले, जाळीवर नुसत्या येरझाऱ्या. अंडी पोटात अडकली तर त्या जगणार नाहीत, असे कळल्यावर माझ्या घशाखाली घास उतरेना. हे सारे माझ्या मुहूर्ताचे फळ. मी पिंजऱ्यासमोर पाट मांडला आणि सुलभ प्रसूतीसाठी अखंड पाठ सुरू केला. दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी आसावरी, जी रोज बायकांची बाळंतपणे करते, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, कोणी बघत असलं तर ती खणतच नाही. माझ्या वॉर्डात तुम्ही असे बसला असतात तर मी वॉचमनला बोलावलं असतं. उठा!"

मी उठलो. माझेच उपरणे पडदा म्हणून लावले. तरीही काही होईना. तेव्हा पडद्याच्या फटीतून (एकदाच) पाहता लक्षात आले की राणीसाहेबांचा एक डोळा समोर होता आणि दुसरा माझ्या रेहानच्या रोपावर. येथे तुळस मिळत नाही. कोपऱ्यावरच्या बकाल्यातल्या (इकडे वाण्याच्या दुकानाला बकाला म्हणतात) कादिरने तिची ही चुलत बहीण आणून दिली, आणि मी तिला तुळस मानून मोठ्या कुंडीत रोज पळीने पाणी घालतो. माती सदा ओली, मुळांनी घट्ट धरलेली. वाळू ढासळते, ही ढासळणार नव्हती. पण देवाची कुंडी बाळंतिणीला द्यावी काय? सोयर कोणाला लागेल, मला की कुंडीला? मी ग्रंथ उघडला, मिटला, आणि कुंडी उचलून आत ठेवली. त्या दिवशी प्रथमच गिरीशरावांनी मला "शाब्बास बाबा" म्हटले.

दुसऱ्या दिवशी राणीसाहेब चिखलाने माखलेल्या, बारीक झालेल्या आणि पुन्हा हिरव्या अशा बाहेर आल्या आणि माझ्या पळीतून पडणारा थेंब न् थेंब प्यायल्या. मी रडलो. (रेहानही जगला; त्याची एक फांदी तेवढी गेली.)

अंडी पुष्कळ निघाली. गिरीशरावांचा दंडक असा, की जितकी घरे तितकीच अंडी उबवायची. तेव्हा मी स्थळे पाहत हिंडतो. घर स्वतःचे आहे का, दिव्याची सोय काय, स्वभाव तापट नाही ना, सगळे विचारतो. सफूरा दोन पिल्ले घेईल. कादिर म्हणाला, "बाबाजी, इतना तो मेरी बेटी के लिए भी नहीं पूछा था!" पण पिंजरा मात्र आणून ठेवला. असा सगळा आनंद आहे. आपणांस त्रास देण्यासारखे काहीच नाही.

आपला,
वामन केशव मुळ्ये

ता. क. अंडी फुटायला सहा-सात महिने लागतात. माझा व्हिसा माघात संपतो. मुले दिवसभर रुग्णालयात. घरात जबाबदार माणूस नसेल तर अंडी ठेवणार नाही, असे गिरीशरावांनी स्पष्ट सांगितले आहे. आपण निवृत्त आहात, पहाटे उठता, आणि येथील कोरड्या हवेत गुडघा दुखत नाही.

ता. क. दुसरा. जिझान समुद्रकाठी आहे, हवा कोरडी नाही. गुडघ्याचे वाक्य कृपया गाळून वाचावे. परंतु आपला मुलगा दर शुक्रवारी फोनपाशी घुटमळतो, हे वाक्य गाळू नये.

ता. क. तिसरा. आपण नाहीच म्हणाल या भीतीने हीच खोली, याच कामासाठी, मी माझे धाकटे बंधू रमेश यांनाही देऊ केली आहे, आणि त्यांचा होकार काल आला. म्हणजे एकच गाय दोघांना. पुढच्या जन्मी मी कोण होणार हे आता आपल्या हाती आहे. तरी आपणच यावे, रमेशची समजूत मी घालीन. आणि मी सरडा झालोच, तर मला पुठ्ठ्याआड एकटे ठेवावे, पानावरून पाणी पाजावे. हे पत्र जो जो वाचील त्याच्या घरी दिवा वेळेवर लागो, माती ओली राहो, आणि मातीखाली जे कोणी वाट पाहत असतील त्यांना हक्काचे घर मिळो.