पाच येनची मोजणावळ

कियोताका,

आई गेल्यावर तिची लोणच्याची बरणी मी तुझ्याच बँकेत नेली, कारण तू तिथला मॅनेजर. आपल्या जपानीत 'पाच येन' आणि 'ऋणानुबंध' यांचा उच्चार एकच, 'गोएन', म्हणून तुझा फोन आला की आई बरणीत पाच येनचं एक नाणं टाकायची. बावीस वर्षांत एकशेबारा नाणी जमली, साहेब.

खिडकीवरची पोरगी म्हणाली, "तुमचे पाचशे साठ येन होतात. पण शंभराच्या वर नाणी असली की मोजणावळ पाचशे पन्नास."

मी तुला बोलवायला लावलं. तू आलास, कमरेत वाकलास आणि सख्ख्या बहिणीला म्हणालास, "बाईसाहेब, नियम सर्वांना सारखाच आहे."

मग मीही हट्टाने म्हटलं, मोजा.

बारा फोन कमी केले असतेस, तर आईची माया फुकटात मोजून झाली असती.

उरलेल्या दहा येनात टपालाचं तिकीटसुद्धा येत नाही, म्हणून हे पत्र रिकाम्या बरणीतच टाकते. यापुढे फोन करू नकोस. नाणं टाकणारं माणूस आता या घरात नाही.

आपली विश्वासू ग्राहक,
सुमिए