चांदण्याची ड्युटी

ता. ८ जानेवारी

ती. आजीस शि. सा. न.

गुडघे कसे आहेत? शिंपीकाकांना सांग, पत्र वाचून दाखवताना शब्द गाळायचे नाहीत. मागच्या वेळी माझी अर्धी थट्टा त्यांनीच गिळली.

परवा पौर्णिमेला मला विमान शिकवणाऱ्या वस्तादांबरोबर उडाले. आमचं विमान म्हणजे दोन खुर्च्या आणि मागे रक्ताच्या पिशव्यांच्या पेट्या. डोंगरापलीकडच्या इस्पितळाला त्या रात्रीतच पोचवायच्या असतात. वर चांदणं असं होतं, की खालची तळी, शेतं, रस्त्यावरची एकटी गाडी, सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं. वस्तादांनी वर्षभराच्या पौर्णिमा आपल्याकडे मागून घेतल्यात, अंधाऱ्या रात्री दुसऱ्यांना. सगळे त्यांना चांदोबा म्हणून चिडवतात. मला सवय व्हावी म्हणून समोरचे काटे सारखे मोठ्याने वाचायला लावतात. त्यांनी सही केली की रात्री एकटीने उडवायची परवानगी मला मिळेल. त्यासाठीच तर एवढी धडपड.

आईला सांगू नकोस, उगाच जागत बसेल. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी टिटवी

ता. १६ जानेवारी

चि. टिटवीस आजीचे उदंड आशीर्वाद.

शिंप्याने या वेळी शब्द गाळले नाहीत, उलट पदरचे घातले असावेत. दूध पाहिलं की पळणारी तू, आणि म्हणे दुधात बुडवून! हे लिहिताना तो नाक मुरडतोय, पण लिहितोय. तुझ्या आईला सांगितलंय, पोरगी पेट्या सांभाळते. खोटं थोडंच आहे?

वस्तादांचं चांदण्याचं वेड ऐकून आधी हसले. म्हटलं, या वयात कोणासाठी? मग मात्र झोप उडाली. पौर्णिमा मलाही फार आवडते गं. का, ते घरात कोणाला ठाऊक नाही. त्या दोन-तीन रात्री मी भिंत न चाचपता मोरीपर्यंत जाते. एरवी दिवस मावळला की डोळ्यांपुढे काळं फडकं. तुम्ही समजता, जेवताना आजीला गप्पांना माणूस लागतं. अगं, गप्पा कसल्या? भाजी वाढलीस का विचारलं, की ‘ही काय, डावीकडे’ म्हणतात, आणि ती ताटात कुठे आहे ते कळतं.

म्हणून म्हणते, काटे दुसऱ्याकडून वाचून घेणं म्हणजे शिकवणीच असेल असं नाही. एकदा अंधारात वस्तादांपुढे चहाचा कप धर, आणि हात कुठे जातो ते बघ. संशय खोटा ठरला तर म्हातारीला हवं तेवढं हस.

शिंप्याला शपथ घातली आहे. जेवत जा. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी आजी

ता. ७ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न.

तुझं पत्र वाचून मी रागावले होते. कप धरला नाही. गुरूची परीक्षा घ्यायची म्हणजे काय?

परवाच्या पौर्णिमेला ग्रहण होतं. ड्युट्या वर्षाच्या सुरुवातीलाच लागतात, तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. वस्ताद दुपारपासून लवकर निघू म्हणत होते, पण पेट्या उशिरा आल्या. डोंगर ओलांडेपर्यंत चंद्र एका कडेने कुरतडल्यासारखा झाला. मग तांबूस, मग विझलेल्या निखाऱ्यासारखा. खालची तळी एकेक करून नाहीशी झाली. मी काटे वाचत होते, माझा आवाज मलाच परका वाटत होता. उतरायची पट्टी समोर दिसू लागली, दोन ओळी दिव्यांच्या, मिणमिणत्या पण स्पष्ट. आणि वस्तादांनी हळूच विचारलं, “दिवे लावलेत का त्यांनी?”

मी विमानाचा दांडा हातात घेतला, त्यांनी सोडला. उतरवलं. खाली आल्यावर माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले की तुझी परीक्षा पाहत होतो.

आजी, मी हे बोलले तर त्यांची नोकरी जाईल आणि माझी सही राहून जाईल. पुढच्या पौर्णिमेला ग्रहण नाही. ती झाली की सही करतो म्हणालेत. एकच रात्र. तू कोणाला काही कळवू नकोस. फोन करशील तर तो विमानाच्या मालकांच्या टेबलावर असतो. रागावू नकोस, लोभ धर.

टिटवी

ता. २३ फेब्रुवारी

ती. आजीबाईंस सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. आपल्या नातीला न विचारता आपण ते लिहिलंत, म्हणून तिच्याशी या विषयावर बोललो नाही. आपण निश्चिंत असावं. वस्तादांच्या डोळ्यांचं आम्हांला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणूनच शेजारच्या खुर्चीवर नजरेची तीक्ष्ण मुलगी मुद्दाम नेमली. असा अनुभवी माणूस या पगारात पुन्हा मिळत नाही. त्यांची सही झाली की मुलगी दुसरीकडे निघून जाते, म्हणून सहीची घाई नको असं मीच त्यांना सांगितलं आहे. चर्चा वाढवू नये ही विनंती. कृपादृष्टी असावी.

आपला,
मालक

ता. २ मार्च

चि. टिटवीस आशीर्वाद.

मी तुझा शब्द मोडला. मालकाचं उत्तर सोबत पाठवते, दिवसाउजेडी वाच आणि वस्तादांनाही वाचून दाखव. सही या पौर्णिमेला होणार नाही, पुढच्याही नाही. तू तिथे शिकत नाहीस, बाळ. तू त्या माणसाचे डोळे आहेस, आणि तुझ्याआधीही कोणीतरी होतं. त्या मुलीचं पुढे काय झालं, ते मालकाला विचारायचं धाडस मला झालं नाही.

रुसशील. रुस. रुसायला माणूस जिवंत लागतं.

पौर्णिमा चार दिवसांवर आलीय आणि टपाल पोचायला आठवडा लागतो. हे मला लिहून झाल्यावर सुचलं. शिंपी म्हणाला, मग पत्र कशाला, माणूसच पाठवू. तुझी आई नको म्हणाली, मग तिला सगळं सांगितलं, तेव्हा तीच पिशवी भरायला बसली. त्यामुळे हे पत्र मी हातातच घेऊन येतेय. आज रात्रीची गाडी आहे. शिंपी डब्यात बसवून देणार, पुढचं मी चाचपत बघेन.

मला रात्रीचं काही दिसत नाही हे खरं. पण मला विमान चालवायचं नाहीये. तुझ्या खुर्चीत अडून बसायचं आहे, तू त्या विमानातून कायमची उतरेपर्यंत.

तुझीच,
आजी