खडीसाखरेची पुडी

डिंडोली, सुरत
दि. ४ मार्च १९९८

ती. अक्कांना उषाचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? निर्गुडीचा शेक चालू ठेवलात ना? इकडे आम्ही मजेत. तुमच्या दिरांना बमरोलीच्या लूमवर एकदाची दिवसपाळी मिळाली, त्यामुळे माणूस घरात दिसतो तरी. सुषमा आता सगळं गुजरातीतच बोलते. रोज विचारते, ‘मोटी मम्मी क्यारे आवशे?’ मी म्हणते, गुडघे बरे झाले की येतील.

चार महिने पत्र नाही म्हणून रागावला असाल. रागवा. पण आधी बातमी ऐका. अक्का, आपली साडी नांदेडला पोचली! मागच्या महिन्यात साडेसातशे व्ही.पी. पार्सलं गेली. साडेसातशे! आणि सुरुवात कशी झाली होती आठवतंय का? जळगावच्या पेपरात चार ओळींची जाहिरात, खाटेखाली बारा साड्या आणि पहिलं पार्सल शिवायला घरात मांजरपाटाचा तुकडासुद्धा नव्हता. तुम्ही माझ्या उशीचा अभ्रा उसवलात आणि त्यात साडी घालून दाभणानं शिवून टाकलीत. मी किती ओरडले होते! पोस्टमनच्या हातात पैसे देऊन ते पार्सल घेणारी बाई चाळीसगावची होती. तिनं उलट टपाली लिहिलं होतं, साडी छान आहे आणि पिशवीचं कापडही कामाला आलं. आपण दोघी पोट धरून हसलो होतो.

पोस्टातला तो चष्मेवाला कारकून अजून तुमची आठवण काढतो. म्हणतो, ‘उषाबेन, पाँच साल में आपकी एक भी सिलाई नहीं खुली.’ मला इतका अभिमान वाटतो म्हणून सांगू! आजूबाजूला बसलेल्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणते, ती सिलाई माझ्या जाऊबाईंची.

आता कामरेजवाल्यांचं सांगते. तुम्हाला त्यांचं नाव नको असेल, पण हिशेब तुम्हाला सांगायचा नाही तर कुणाला? साड्या त्यांच्या गोडाऊनमध्ये ठेवायच्या, आपण फक्त आलेल्या पत्रावर साडीचा नंबर टाकून ते तिकडे पाठवायचं. बांधणं, पोस्टात घालणं, परत आलेलं मोजून घेणं सगळं त्यांच्याकडे. शेठ पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘बेन, तमे फक्त ऑर्डर लावो, बाकी बधुं अमारा पर छोडी दो.’ पार्सलमागे त्यांचे अकरा रुपये. आपल्याला घरी चौदा पडायचे. मांजरपाट, लाख, सुतळी, मागच्या खोलीचं भाडं, पोस्टापर्यंत रिक्षा. तुम्हाला मी तेव्हा हेच सांगितलं होतं. तो हिशेब खोटा नव्हता. फक्त त्या चौदा रुपयांत तुमची मजुरी कुठेच नव्हती, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

फायदा झाला नाही असं म्हणणार नाही. घर मोकळं झालं. लाखेच्या वासानं सुषमाचं डोकं दुखायचं, ते थांबलं. त्यांच्याकडे कम्प्युटर आहे, पत्त्यांच्या चिठ्ठ्या भराभर छापून निघतात. आपल्या चार हातांनी दिवसाला पंधरा पार्सलं व्हायची, ते दोनशे करतात. नांदेड त्यांच्यामुळेच झालं. खरं ते खरं.

पण अक्का, पार्सलं परत यायला लागली. तुम्ही असताना शंभरात चार परत यायची. आता चौदा येतात. परत आलेल्या एका पार्सलाला जाण्यायेण्याचे पंचेचाळीस रुपये बुडतात. म्हणजे शंभर पार्सलांमागे तीनशे वाचवले आणि साडेचारशे घालवले! हे गणित मी तीनदा मांडलं. तुमच्या दिरांना दाखवलं तर ते म्हणाले, ‘हे मला चार महिन्यांपूर्वीच दिसत होतं, पण मला विचारतं कोण?’

परत का येतात तेही मी शोधून काढलं. कामरेजला नंबर वाचतात, पत्र वाचत नाहीत. एरंडोलच्या एका बाईंनी लिहिलं होतं, घरी कुणी नसतं, पार्सल शाळेच्या पत्त्यावर, शनिवार सोडून पाठवा. त्यांनी घरीच पाठवलं. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेल्या, एकेक अक्षर लावत वाचायच्या आणि मला चीड यायची, की अहो, पत्ता बघा आणि शिवा ना! तुम्ही म्हणायच्या, ‘थांब वं, ती बाई काय सांगी ऱ्हायनी ते तर ऐकू दे.’

पत्राच्या सहीपुढे श्रीमती असलं की तुम्ही त्या पत्राचा कोपरा दुमडायच्या. सौभाग्यवतीच्या साडीत कुंकवाची पुडी आणि कोपरा दुमडलेल्या पत्राच्या साडीत खडीसाखरेची. बाईमाणसाची साडी कोरडी जाऊ नये, हे तुमचं म्हणणं. मी त्याला तुमचा छंद समजत होते. कामरेजवाल्यांनी विचारलं, आत काय टाकायचं, तेव्हा मी बेधडक सांगून टाकलं, प्रत्येक पार्सलात कुंकू टाका. कोपऱ्याची मला आठवणसुद्धा झाली नाही.

यावलकडच्या सरलाबाई आठवतात? दवाखान्यात नर्स आहेत, दर वर्षी संक्रांतीला स्वतःसाठी एक साडी मागवतात. त्यांचं पत्र आलं. जसंच्या तसं लिहिते: ‘तीन वर्षं तुमच्या साडीबरोबर खडीसाखर यायची. मालक गेल्यापासून माझ्या हातावर असं गोड कुणी ठेवलं नव्हतं. या वेळी कुंकू आलं. मी रागावले नाही. पण ती पुडी बांधणारी बाई आता तुमच्याकडे नाही का? तिची तब्येत बरी आहे ना?’

अक्का, मी पत्र हातात घेऊन ओट्यापाशी खाली बसले आणि रडले. दूध उतू गेलं तरी उठले नाही. जिनं तुम्हाला कधी पाहिलं नाही तिला तुम्ही कळलात, आणि मी पाच वर्षं तुमच्या शेजारी बसून सुतळी कापत होते.

आता ते लिहिते जे मी टाळतेय. तुम्ही गुडघ्यांमुळे गावी गेला नाहीत. मी सगळ्यांना तसंच सांगते, तुम्हीही तसंच सांगत असाल, माझं झाकायला.

नवरात्रात उधन्याच्या उषाबाई, माझ्याच नावाच्या, मुलीच्या लग्नाच्या चाळीस साड्या घ्यायला स्वतः घरी आल्या होत्या. तुम्ही मागच्या खोलीत पुड्या भरत होतात. त्यांनी तुमच्या कपाळाकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘लग्नाच्या साड्यांत हिच्या हातचं कुंकू?’ आणि मी म्हटलं, ‘छे छे, त्या नुसतं शिवतात. पुड्या मी भरते.’ पडदा अर्धा उघडा होता. तुमचा हात थांबलेला मी पाहिला. मग तुम्ही भरून झालेल्या पुड्यांचं ताट उचलून माझ्या पुढ्यात आणून ठेवलंत आणि दाभण हातात घेतलंत.

मला भीती वाटली. चाळीस साड्यांची आणि त्या बाईच्या तोंडाची. आठ दिवसांत मी कामरेजला जाऊन आले आणि तुमच्यापुढे अकरा आणि चौदाचा हिशेब मांडला. तुम्ही म्हणालात, ‘ठीक शे,’ आणि पिशवी भरायला घेतलीत. हिशेब खरा होता, मी खोटी होते. कामरेजवाल्यांनी तुम्हाला घालवलं नाही, मी घालवलं.

त्याच बाई परवा परत आल्या. धाकटीचं लग्न ठरलंय, पस्तीस साड्या हव्यात. मी साड्या दाखवायच्या आधीच सांगितलं, ‘पुड्या माझ्या जाऊबाई भरतात. मागच्या वेळीही त्यांनीच भरल्या होत्या, मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमची मुलगी सुखात नांदतेय ना? मग या पण त्याच भरतील. हव्या तर घ्या.’ बाईंचा चेहरा असा झाला म्हणता! चपला घालून चालत्या झाल्या. पस्तीस साड्यांची ऑर्डर गेली. तुमचे दीर आतून ऐकत होते. म्हणाले, ‘हे बरं केलंस.’ त्या दिवशी मी भाकऱ्या दोन जास्त खाल्ल्या.

आता माझं ठरलं ते ऐका. दुकानदारांचे गठ्ठे कामरेजहून जातील. त्यांना नंबर पुरतो. बायकांची पार्सलं घरून. मागची खोली मी परत भाड्यानं घेतली. आता पार्सलाचा खर्च चौदा नाही, अठरा धरला आहे, कारण त्यात तुमचे चार रुपये आहेत, आणि ते तुमच्या नावावर पोस्टातच जमा होतील. जाहिरातीतही यापुढे दोन नावं छापायची: सुभद्राबाई आणि उषाबाई. तुमचं आधी. महाग पडेल म्हणाल तर पडू दे.

लगीनसराईच्या ऑर्डरी साचल्या आहेत. श्रीमती लिहिलेल्या एकवीस पत्रांचे कोपरे मी दुमडून ठेवलेत, पण कुणाला काय हवंय ते मला तुमच्यासारखं वाचता येत नाही. अंमळनेरला गाडीत बसा. उधन्याला तुमचे दीर येतील घ्यायला. यायचंच असं नाही, अक्का. नाही आलात तर ती माझी करणी आहे, तुमचा दोष नाही.

या पत्राबरोबर एक पार्सल आहे. मी शिवलंय, टाके बघून हसाल. आत तुमच्या आवडीची आमसुली साडी आणि खडीसाखरेची पुडी आहे. कुंकवाचा डबा घासून तुमच्या जागेवर ठेवलाय, रिकामाच. त्याला मी हात लावणार नाही.

पुड्या कधीच न भरलेली,
तुमची धाकटी जाऊ
उषा