निळ्या पिपातलं पाणी

प्रिय सुरेखा,

उद्या सकाळी पेणहून एक माणूस आपली माशांची टाकी न्यायला येणार आहे, म्हणून लिहितोय. एरवी तुला पत्र लिहायची वेळ कधी आली? दुकानातून फोन केला की माझं ऐकून घ्यायच्या आधी तूच विचारायचीस, "जेवलात का?"

माणूस तसा बरा आहे. गणपतींचा कारखाना आहे त्याचा, रंगांचा शौकीन. टाकीतली प्रवाळं त्याने मागेच हेरून ठेवली होती. निलेशने पुण्याहून त्याच्याशी परस्पर ठरवलं. "बाबा, त्या पाण्याचं आता कोण बघणार?" म्हणाला. मी म्हटलं, बरं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणतो.

मला अजून रडू आलेलं नाही. लोक आले, रडले, चहा घेऊन गेले. मी त्यांना अष्टमी गावाच्या पुलापर्यंत पोचवून यायचो. तुझ्या माहेरची माणसं काय बोलली असतील ते मला न ऐकताही ठाऊक आहे.

न ऐकता म्हणतोय खरं, पण माझे कानच गेलेत की काय? गिऱ्हाईकाने फोन पाण्याच्या फिल्टरजवळ धरला की पंपाच्या आवाजावरून मी सांगायचो, गाळाची कांडी तुंबलीय की मेंब्रेन गेलंय. या कानांवरच फिल्टरचं दुकान उभं केलं. आता स्वतःच्या घरातला पंप चालू आहे की बंद, ते हात लावून बघावं लागतं.

ही टाकी तुला आधी कुठे पटली होती? "तिकडं धरमतरला खाडीभर पाणी हाय, नि तुम्ही पेटीत समुद्र मांडताय?" मी समजावलं, प्रवाळ फार नाजूक असतं. नळाच्या, बोरिंगच्या पाण्यातलं लोखंड, क्लोरीन, क्षार, सगळं आधी काढायचं. क्षार मोजायच्या मीटरवर शून्य आलं की मग त्यात पाकिटातलं मीठ घालायचं. मिठागरात वाढलेली तू, दाराला धरून हसलीस. "माझ्या बापानं जन्मभर पाण्यातनं मीठ काढलं. तुम्ही मिठातनं पाणी काढा."

आणि मग टाकी तुझीच झाली. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून कमी झालेलं पाणी फक्त शून्याच्या पाण्यानेच भरायचं, हे मला तुला शिकवावं लागलं नाही. फिल्टर चालू केल्यावर पहिलं पाणी साठवणीच्या निळ्या पिपात घ्यायचं नसतं, बंद असताना क्षार झिरपून त्यात आलेले असतात. मी ते मोरीत सोडायचो. तू बादली लावून त्याच्यावर भांडी घासायचीस. शेवटच्या नळकांड्यातलं क्षार शोषणारं रेझीन निळ्याचं तपकिरी व्हायला लागलं की आधी तुलाच दिसायचं. मी ऐकायचो, तू बघायचीस. कोपऱ्यातल्या त्या केशरी प्रवाळाचा छोटा तुकडा तूच दगडावर चिकटवलास, त्याची टाकीभर फुलं केलीस आणि त्याला अबोली म्हणायला लागलीस. त्याचं खरं नाव मी दहादा सांगितलं असेल. ऐकलंस कधी?

एक मात्र तुझं मला कायम खुपलं. फिल्टरवाल्याची बायको, पण फिल्टरचं पाणी कधी ओठाला लावलं नाहीस. मी पिण्याचा वेगळा फिल्टर बसवून दिला, तोही पाहुण्यांसाठी ठेवलास. स्वतःला माठातलं बोरिंगचंच. एकदा निळ्या पिपातलं घोटभर चाखलंस आणि तोंड वाकडं केलंस. "ना वास, ना चव. हे मला मेल्यावर पाजा."

सुरेखा, तसंच झालं.

तू गेलीस त्या जागी दिवा लावला आणि शेजारी तुझ्यासाठी फुलपात्रात पाणी ठेवलं. कासू गावाहून आलेली माझी थोरली बहीण, अक्का, सगळं बघत होती. रोज सकाळी उठून बघायची, पाणी खाली गेलं का. दहावा जवळ आला तरी पाणी तेवढंच. अक्का माझ्याजवळ येऊन बसली. "दत्ता, ती पानी पीत नाय रे. रुसलीय. काय राहिलंय का तिचं?"

"कुठलं ठेवलंस?"

"त्या निळ्या पिपातलं. घरात त्येच काय ते काचेवानी पानी. तिला काय साधं ठेवायचं?"

"अक्का, ते ती प्यायची नाही. ते टाकीचं आहे."

"टाकीला मी बोरिंगचं वतलं की. पानी खाली गेलं होतं, मासं तडफडतील म्हनून दोन बादल्या वतल्या. तू तर तिकडं बघत पन नव्हतास."

मी म्हटलं, बरं.

तुझं पाणी त्यांना आणि त्यांचं तुला. तू असतीस तर अक्काला काही बोलली नसतीस, पण मला दोन दिवस सोडलं नसतंस. मी उठून टाकीकडे गेलो. काचेवर तपकिरी साय धरली होती. मासे ठीक होते, पण तुझी अबोली पार मिटलेली. एकही फूल उघडं नव्हतं.

फुलपात्रात माठातलं पाणी ठेवलं. दुसऱ्या सकाळी अक्काने हाक मारली, "बघ, खाली गेलं. प्यायली गो बाय." आणि रडायला लागली. आधीच्या पाण्यावर तिने मुंग्यांसाठी झाकण ठेवलं होतं, या पाण्यावर ठेवायला विसरली. पाणी उडतं, हे तुझ्या नवऱ्याला कळत नाही होय? पण मी अक्काला झाकणाचं बोललो नाही.

तेव्हापासून रेझीन बदललं, थोडं थोडं पाणी काढून नवं भरत राहिलो, मीटर एकट्यानेच धरला. कशासाठी, माहीत नाही. सवय म्हणून. अबोली मिटलेलीच. निलेशचा फोन आला तेव्हा वाटलं, जे जगलंय ते तरी नीट घरी जाऊ दे.

इथवर लिहून उठलो होतो. उद्या द्यायची तर काच पुसून ठेवावी म्हणून. खाली दगडाशी एक केशरी फूल उघडलेलं होतं. तिथेच बसलो. बऱ्याच वेळाने त्याच्या शेजारचं उघडलं. आवाज काही झाला नाही. इथे माझे कान कामाचे नव्हते, तुझं बघायचं काम मला करावं लागलं.

पेणच्या माणसाला फोन केला. म्हटलं, येऊ नका, टाकी द्यायची नाही. "का हो, भाव पटला नाही का?"

"टाकीचं पाणी अजून जागेवर बसलेलं नाही."

"मग पुढच्या महिन्यात बघू या?"

मी बरं म्हटलं नाही.

निलेशला उद्या सांगेन, पाण्याचं मी बघणार. रडू अजूनही आलेलं नाही, त्याची तू काळजी करू नकोस. माझा शब्द एवढाच: रोज सकाळी निळ्या पिपातलं पाणी टाकीला आणि माठातलं तुला. ही अदलाबदल पुन्हा होऊ देणार नाही. आणि तुझ्या फुलपात्रावर झाकण ठेवणार नाही.

तुझाच पाणीवाला,
दत्ता