सौ. न लिहिता

जॉर्जिया, अमेरिका,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. कांचनवहिनींस,
शि. सा. नमस्कार.

मी बरा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावा म्हटलं तर लावणार नाही तुम्ही, मला ठाऊक आहे. इथे याला तुरुंग म्हणत नाहीत, डिटेन्शन म्हणतात, पण कुलूप बाहेरूनच असतं. साठ माणसांच्या खोलीत मराठी मी एकटा. आंघोळीला गेलो की स्वतःशीच मोठ्याने बोलतो. लोक हसतात. हसू देत.

वर सौ. लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. विसरलो नाही. सांगतो.

आधी चांगली बातमी. वरच्या कोर्टाने माझी केस खाली परत पाठवली. मला आश्रय द्या, परत पाठवलंत तर आम्हा भावांना धरणारे तेच पोलीस माझे हाल हाल करतील, असा माझा अर्ज होता. पहिल्या जज्जांनी तो फेटाळला, तो एका शब्दापायी. मी म्हणालो, "पहाटे लॉकअपमध्ये दादा गेला." फोनवरच्या दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं, भाऊ निघून गेला. जज्जांनी विचारलं, कुठे? पुढे मी प्रेताबद्दल बोललो, तेव्हा ते म्हणाले, हा माणूस खोटं बोलतोय. अपिलातही कोणी ऐकलं नाही.

वरच्या कोर्टात तीन जज्ज. तिथे नवीन काही सांगता येत नाही, मला तर बोलावलंही नाही. खाली न्याय नीट झाला का, एवढंच जुन्या कागदांवरून बघतात. पण कागदांबरोबर टेप होती आणि टेपवर माझं मराठी. आमच्या वकीलबाईंनी अपिलाच्या वेळीच इथल्या अल्फारेटा गावच्या मराठी नीलांबरीकाकूंना ती ऐकवली होती. काकूंनी 'गेला'चा खरा अर्थ तेव्हाच लिहून दिला होता. तो कागद अखेर या तिघांनी वाचला.

आता तीन डिसेंबरला पुन्हा जबानी. काकू तीन तास ड्राइव्ह करून आल्या आणि काचेपलीकडून फोनवर म्हणाल्या, या वेळी 'गेला' म्हणायचं नाही. सरळ म्हण, आत्ता माझ्यासमोर म्हण. मला जमलं नाही. भेटीची वेळ संपली. त्या रडतच गेल्या.

आपल्या माणसाबद्दल तो शब्द जिभेवर येत नाही हो. तुम्हालाही मुंबईच्या विमानतळावरून "दादा गेला" एवढंच म्हणालो होतो. तुम्हीही विचारलंत, "कुठे?" आणि मी फोन ठेवला. मग पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी सांगितलं, तो लॉकअपमधून पळाला, आणि तुम्हाला ते खरं वाटलं. प्रत्येक पत्रात लिहिता, दाराला कडी लावत नाही, हे आले तर दार वाजवायला नको. मी ते वाचायचो आणि उत्तराला 'सौ. वहिनींस' लिहायचो. दोन वर्षं तुम्हाला फसवलं मी.

जज्जांच्या आधी तुम्हाला सांगायला हवं. वाळूच्या ट्रकांची तक्रार मागे घे म्हणून पोलिसांनी दादाला मारलं, मरेपर्यंत मारलं. मी समोरच्या कोठडीत होतो. घाबरलो, ओरडलोसुद्धा नाही. वहिनी, दादा मेला.

आजपासून कडी लावून निजत जा.

तुमचा अपराधी दीर,
अंकुर