लहान शोनागचा विजय

प्रिय आई,

माझा प्रबंध मंजूर झाला, तोही एकही दुरुस्ती न सांगता. आता बेटावर खुशाल सांग.

आपल्या स्कॉटिश गेलिकमधला 'बेक', वेल्सचा 'बखन', फ्रान्समधल्या ब्रिटनीचा 'बिहान': 'लहान' सांगणारे हे तिन्ही शब्द एकाच जुन्या शब्दाची लेकरं आहेत, असं मी मांडलं होतं. वेल्सचे परीक्षक इदवाल शेवटपर्यंत अडून बसले. मी जुनी रूपं एकेक करून पुढे ठेवली. मग ते हसले, "हरलो बाई!"

गावात दोन शोनाग, म्हणून वयाने थोरली ती मोठी आणि मी लहान. दुकानदार मर्डो चिडवायचा, "सहा फुटांची लहान शोनाग, पदवी तरी मोठी आण!" त्याला आधी कळव.

बोटी बंद आहेत म्हणे. तुझी गुडघ्याची औषधं कोण आणतं? मी वेळेवर जेवते.

तुझी,
डॉक्टर लहान शोनाग