टोळीतली सहावी जागा

मी, सौ. अपर्णा यशोधन वाडेगावकर, वय सत्तावन्न, राहणार समता कॉलोनी, रायपूर, माहेरची गोदावरी रामकृष्ण पाध्ये, पुरानी बस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे, हे वकिलांनीही मान्य केलं. पुढल्या महिन्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. पोट त्यांचं नाही.

कलम १. घराचा माझ्या नावावरचा अर्धा भाग आणि बँकेतल्या ठेवी मुलगी स्वरदा हिला. यजमानांना घरात तहहयात राहण्याचा हक्क आहे, फक्त पुढची खोली सोडून. तिथे मी इतकी वर्षं ब्लाउज शिवले. तिथे त्यांचा गेम जाता कामा नये.

कलम २. शिलाई मशीन, पिको-फॉलचं मशीन आणि मोठी कात्री कलावतीला, जी माझ्या हाताखाली शिकली. त्या कात्रीने तिने कागद कापू नये.

कलम ३. नणंद चित्रा हिला काही नाही. माझ्या लग्नात ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "गोदावरी? हे काय म्हातारीचं नाव!" यजमानांनी लगेच ताटातल्या तांदळात अंगठीने ‘अपर्णा’ लिहिलं. नवऱ्याने खास आपल्यासाठी नाव शोधलं, म्हणून मी ते माहेरी जाऊन मिरवलं.

कलम ४. लॅपटॉप माझ्या शिलाईच्या पैशाचा आहे, म्हणून तोही इथे येतो, आणि त्याची हकिगत सांगणं भाग आहे.

यजमान आणि त्यांचे मित्र भार्गव, दोघे त्यांच्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायचे. सहा जणांची टोळी जमवायची, प्रत्येकाला नाव द्यायचं, भुयारात शिरायचं आणि पाळीपाळीने राक्षसांशी लढायचं. पुढे तसे खेळ निघेनासे झाले. मला वाटलं, सुटले. आता त्याच जुन्या धाटणीचे नवे खेळ धडाधड निघताहेत आणि साठीतली माणसं चौकटीच्या वहीत भुयारांचे नकाशे काढत बसली आहेत. दिवाळीत स्वरदाने त्यांना तसा एक घेऊन दिला. मी चहा द्यायला गेले तर टोळीत एक जादूगारीण, लांब केस, निळा झगा, नाव अपर्णा. मी विरघळले. संध्याकाळी त्यांच्या आवडीच्या पाटवड्या केल्या.

मग भार्गवभाऊजी आले. स्क्रीन बघून म्हणाले, "अरे, अपर्णा अजून हायेच का? कॉलेजपासूनची!"

आमचं लग्न कॉलेजनंतर सहा वर्षांनी झालं.

"कोण होती ती?" मी विचारलं.

"कोणी नव्हती. खेळातलीच होती," यजमान म्हणाले. "ती टोळीत असली की आम्ही हरत नव्हतो. नाव चांगलं वाटलं, म्हणून तुले दिलं."

म्हणजे तिला माझं नाव नाही, मला तिचं. एखादी खरी बाई असती तर परवडलं असतं. तिचेही गुडघे दुखले असते. ही चाळीस वर्षांत एका दिवसानेही म्हातारी झालेली नाही. लढाईत सगळे जखमी झाले, तरी हे आधी हिला औषध पाजतात. स्वरदा हसून म्हणाली, "मम्मी, आप गेम से जल रही हो?" हो, जळते. लेखी देते.

मी त्यांना सांगितलं, टोळीत गोदू घ्या. म्हणाले, "सहाच जागा हायेत. भार्गवचा पहेलवान काढून टाकतो." मी म्हटलं, पहेलवान राहू दे, ती निघाली पाहिजे. दोन दिवस ते जेवून थेट लॅपटॉपपाशी गेले.

काल त्यांनी मला हाक मारून दाखवलं. टोळीत गोदू होती. नवखी, हातात काठी. पहिल्याच उंदराने तिला लोळवलं, तर हे तिच्यासाठी सगळी लढाई पुन्हा पहिल्यापासून लढले. मी खूश होणारच होते, पण विचारलं, "अपर्णा कुठाय?"

"सरायमध्ये बसली हाय." टोळीतून काढलेला माणूस या खेळात सरायमध्ये, म्हणजे धर्मशाळेत, वाट बघत बसतो.

"पुसून टाका तिला."

त्यांनी कीबोर्डवरचा हात काढला. मग म्हणाले, "तिले पुसलं, त मी तुले हाक काय मारू?"

"गोदू. नाव आहे मला."

मग ते ‘गोदू’ म्हणाले. इतकं हळू, की मी जवळ उभी होते म्हणून ऐकू आलं. कान लाल झाले होते त्यांचे. लग्नात झाले नव्हते. मी म्हटलं, पुन्हा म्हणा. "सवय नाही ना," म्हणाले, आणि खेळ बंद करून अंगणात गेले.

कलम ५. लॅपटॉप यजमानांना. अपर्णाने सरायमध्ये राहण्यास माझी हरकत आहे, ती इथे नोंदवते; पुसण्याची सक्ती करत नाही. परंतु ऑपरेशनला आत नेताना, शुद्धीवर आणताना, किंवा ती शेवटची वेळ ठरली तर तेव्हाही, यजमानांनी मला गोदू म्हणून हाक मारावी. मोठ्याने, नर्ससमोर. अपर्णा म्हणून मारली, तर मी ओ देणार नाही.

हे मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

सही: गोदावरी ऊर्फ अपर्णा यशोधन वाडेगावकर

साक्षीदार: १. भार्गव देवपुजारी  २. अच्युत लाखकर, शेजारी

रायपूर, दि. ९ जानेवारी २०२६